आधी पुळण मोजा
महाराष्ट्र सागरी मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

विषय : किनाऱ्याची धूप आणि कृत्रिम रीफचा उपाय

महोदय,

माझं आजोळ देवबाग. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, आणि मधे माडांची नि घरांची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात आजोळी गेलं की घरापासून पाण्यापर्यंत तापलेल्या पुळणीतून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतून, अनवाणी धावत सुटायचं आणि पाय भाजले की मर्यादवेलीच्या पानांवर उभं राहायचं, हा आमचा रोजचा खेळ होता. आता त्या वाटेवर बंधाऱ्याचे काळे दगड आहेत. वेल नाही. दगडांवरून उतरताना मी माझ्या मुलीचा हात घट्ट धरते, आणि भरतीची वेळ असेल तर उतरून उभं राहायला वाळूच नसते.

माझे मामा रापणकार. रापण म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच आहे, पण हे पत्र घाटावरचे वाचकही वाचतील म्हणून सांगते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धं वर्तुळ मारते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात. या ओढण्याला पाय रोवायला रुंद पुळण लागते. बंधारा झाला तेव्हा मामा कुणावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “घर रवला, बरा झाला. पण आता रापण वडूची खंय?”

रापण ओढायची कुठे, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी कृत्रिम रीफच्या विषयाकडे आले. गेली काही वर्षं मिळेल ते वाचते आहे, जाणकारांना विचारते आहे. ज्याच्या पडवीत लाट शिरली त्याला दगड नकोत असं सांगण्याचा अधिकार मला नाही. माझं म्हणणं त्यापुढच्या पायरीचं आहे. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातल्या किनाऱ्याचा अभ्यास केला, त्यात महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा किनारा धुपताना दिसला. एवढ्या लांबीला दगड आणि टेट्रापॉड लावत जायचं की आणखी काही करायचं, याचा निर्णय पुढच्या काही वर्षांत होईल. त्या निर्णयात रीफ हा शब्द येणारच. तो कसा यावा, यासाठी हे पत्र.

सुरुवातीला एक घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे कृत्रिम रीफ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात. मासळीला आसरा मिळावा म्हणून समुद्रतळावर सोडलेले काँक्रीटचे ठोकळे, हा एक रीफ. निवतीच्या समुद्रात निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून पर्यटकांना दाखवायची योजना आखली गेली, तो दुसरा. किनाऱ्यापासून शे-दोनशे मीटरवर, पाण्याच्या पातळीच्या थोडं खाली बांधलेला, लाट फोडण्यासाठीचा उंचवटा हा तिसरा, आणि हे पत्र फक्त त्याच्याबद्दल आहे. पहिल्या दोन्हींमुळे किनाऱ्याचं संरक्षण होत नाही. आमच्याकडे या तिसऱ्या गोष्टीसाठी शब्द आधीपासून आहे: खडप. ज्या गावासमोर पाण्याखाली खडप आहे तिथे लाट बाहेरच फुटते आणि आतलं पाणी निवळ असतं, हे कुठल्याही होडीवाल्याला माहीत असतं. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली दगडांची एक भिंत आहे, ती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तपासली आहे. तिच्याबद्दलच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे पाण्याखालचा दगड काय करू शकतो, याचं कुतूहल इथे नवं नाही.

खडपाचं काम समजायला सोपं आहे. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर आली की फुटते. एरवी ती किनाऱ्याला येऊन फुटते. मधे उंचवटा असला तर तिथेच फुटते आणि पुढे जाते ती दमलेली लाट. उंची निम्मी झाली की लाटेची ताकद चौथाईवर येते. आतल्या शांत पाण्यात वाहती वाळू खाली बसते आणि हळूहळू किनाऱ्याला पोट सुटल्यासारखा वाळूचा फुगवटा तयार होतो. उंचवट्याचा आकार तिरका ठेवला तर लाट एकदम न कोसळता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाते, आणि सर्फिंग करणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच लाट. एका बांधकामात किनाराही राखायचा आणि लाटही घडवायची, ही कल्पना या साध्या गणितातून आली. कल्पना सुंदर आहे. म्हणूनच तिचं पुढे काय झालं हे नीट पाहायला हवं.

ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचं उदाहरण मी सगळ्यात जास्त वाचलं. १९६० च्या दशकात ट्वीड नदीच्या मुखाशी दोन भिंती लांबवल्या, होड्यांना वाट खुली राहावी म्हणून. त्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे दरवर्षी सुमारे ५ लाख घनमीटर वाळू वाहत असते. भिंतींनी ती अडवली. १९६७ साली एकामागून एक चक्रीवादळं आली आणि उत्तरेचे किनारे खरवडून निघाले. पुढे नॅरोनेक या अगदी चिंचोळ्या जागी १९९९ पासून रीफ बांधला गेला. वाळू भरलेल्या जाड कापडाच्या चारशेच्या आसपास प्रचंड पिशव्या, एकेक दीडशे ते तीनशे टनांची, तळ उघडणाऱ्या बार्जमधून समुद्रात सोडल्या. पण लक्षात घ्या, रीफ एकटा नव्हता. त्याच योजनेत ११ लाख घनमीटर वाळू आणून किनाऱ्यावर ओतली होती. रीफचं काम ती वाळू धरून ठेवण्याचं. ते त्यानं बऱ्यापैकी केलं. पिशव्यांवर शेवाळ धरलं, मासे आले. सर्फिंगची लाट मात्र सांगितली होती तशी क्वचितच उठली. आणि वीस वर्षांच्या आत पिशव्यांची डागडुजी करून नव्या पिशव्या घालाव्या लागल्या.

आता याच शहराच्या दुसऱ्या टोकाला पाहा. २००१ पासून ट्वीडच्या दक्षिणेला साठणारी वाळू पंपांनी उपसून, नळांतून नदीखालून पलीकडे नेऊन सोडतात. नदीच्या भिंतींनी मोडलेली वाळूची वाट माणसानं यंत्रानं पुन्हा जोडली. त्या वाळूचा स्नॅपर रॉक्सपासून पुढे लांबच लांब उथळ पट्टा तयार झाला आणि त्यावर जगातले सर्फर ज्यासाठी विमानं पकडतात अशी लाट उठू लागली. तिला सुपरबँक म्हणतात. रीफ बांधून जी लाट मिळाली नाही ती वाळूला वाट करून दिल्यावर मिळाली! तिथेही सगळं गोड झालं नाही. सुरुवातीला वाळू इतकी आली की जवळच्या किर्राची जुनी नावाजलेली लाट बुजली आणि तिथलं खरं खडपही वाळूखाली गेलं. लोक रागावले, आणि वाळूचं प्रमाण ठरवताना यंत्रणेला हात आखडता घ्यावा लागला. एवढा जाब विचारता येतो, कारण किती वाळू उपसली, कुठे टाकली याची नोंद तिथे ठेवली जाते.

बाकीची उदाहरणं थोडक्यात सांगते, कारण ती दुःखाची आहेत. इंग्लंडमध्ये बोर्नमथजवळ बोस्कम्बला २००९ साली सर्फिंगसाठी रीफ झाला. खर्चाचा पहिला अंदाज १४ लाख पौंडांचा होता, तो ३० लाखांच्या पुढे गेला. दोन वर्षांत पिशव्या फाटल्या, रीफ सर्फिंगसाठी बंद करावा लागला, आणि तो बांधणारी न्यूझीलंडची कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली. न्यूझीलंडमध्येच माउंट माउंगानुईला २००५ पासून असाच रीफ रचला होता. त्याच्या भोवतालच्या ओढीच्या प्रवाहांमुळे पोहणाऱ्यांना धोका होऊ लागला आणि २०१४ मध्ये तिथल्या प्रशासनाला पिशव्या उचलून काढाव्या लागल्या. कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडोची गोष्ट मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. तिथे शेव्हरॉन या तेल कंपनीनं १९८४ मध्ये समुद्रात दगडी धक्का घातला, त्यानं जवळची लाट मेली. सर्फरांनी लढून, लाट ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि ती गेली तर भरपाई मिळाली पाहिजे, हे किनारा आयोगाकडून मान्य करून घेतलं. भरपाईतून जो रीफ झाला तो फारच लहान होता, लाट काही आली नाही, २००८ मध्ये तोही काढला. पण तत्त्व राहिलं. धक्का बांधताना रापणीची पुळण जाते, तेव्हा तिची किंमत आपल्या कोणत्या रकान्यात लिहिली जाते, हे मला तेव्हापासून विचारावंसं वाटतं आहे.

आणखी एक गोष्ट अभियंत्यांपुढे ठेवायला मला संकोच वाटतो, पण ठेवते. २००६ साली रणसिंघे आणि टर्नर या दोन संशोधकांनी जगभरच्या बुडत्या बांधकामांचा आढावा घेतला. बहुतेक ठिकाणी मागचा किनारा वाढण्याऐवजी उलट धुपलेला आढळला. कारण उंचवट्यावरून आत घुसलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. रीफ किनाऱ्याच्या फार जवळ असेल तर ते दोन्ही बाजूंनी वाळू घेऊन निघून जातं. पुरेशा अंतरावर असेल तर पाण्याचं फिरणं उलटं होतं आणि वाळू आत येते. म्हणजे तोच रीफ पन्नास-शंभर मीटर इकडे-तिकडे झाला तर तारकाचा मारक होतो. हे अंतर निविदेच्या कागदावर ठरत नाही. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासूनची आहे, किनाऱ्यांची आणि बंदरांची प्रतिरूपं बांधून त्यावर लाटा सोडून पाहण्याचं काम तिथे पिढ्यान् पिढ्या होत आलं आहे. प्रत्येक प्रस्तावित रीफ आधी तिथल्या हौदात बुडवून बघावा.

आपल्या देशातली दोन उदाहरणं सांगते. केरळात कोवळमला २०१० च्या सुरुवातीला, बोस्कम्ब बांधणाऱ्या त्याच कंपनीनं रीफ केला. पिशव्यांच्या रीफची खरी परीक्षा नैर्ऋत्येच्या पावसाळ्यात असते, आणि कोवळमनंतर केरळच्या किनाऱ्यावर तसे रीफ पसरले नाहीत, यातून मी माझ्यापुरता अर्थ घेतला आहे. पुदुच्चेरीची गोष्ट वेगळी. तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदराच्या भिंती झाल्या आणि उत्तरेकडची शहराची पुळण नाहीशी झाली. गांधीजींच्या पुतळ्यासमोर वर्षानुवर्षं नुसते दगड होते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं २०१८ मध्ये तिथे पाचरीच्या आकाराचा पोलादी बुडता रीफ बसवला, बंदरातून उपसलेली वाळूही किनाऱ्याच्या कामी आणली, आणि शहरातल्या एका पिढीनं पहिल्यांदा आपल्या गावची वाळू पायाखाली पाहिली. मी ती छायाचित्रं पाहून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण पुदुच्चेरी उचलून मालवणात ठेवता येत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतला. आमच्याकडे मोठ्या उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं, मुंबईत चार-साडेचार मीटर. ओहोटीला अर्धा मीटर पाण्याखाली असणारा रीफ मुंबईच्या उधाणात पाच मीटर खोल जाईल, आणि बहुतेक लाटा त्याच्या डोक्यावरून न फुटता निघून जातील. घरं पडतात ती नेमकी त्याच वेळी: आषाढ-श्रावणातलं उधाण, वरून वारा, आणि भरलेला दर्या. हे साधं गणित आहे, पण रीफच्या रंगीत चित्रांमध्ये समुद्र नेहमी ओहोटीचा आणि निळाच असतो. सिंधुदुर्गात काही जागी रीफ उपयोगी पडेल असं मला वाटतं. मुंबई-पालघरकडे त्याच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं वाटतं.

आणि वाळू. रीफ वाळू तयार करत नाही. वाहणारी वाळू तो थांबवतो, बस्. वाहायला वाळूच नसेल तर तो समुद्रातला महागडा उंचवटा आहे. आमची वाळू येते नद्यांतून आणि खाड्यांतून, आणि तिथे काय चाललं आहे हे सगळ्यांना दिसतं. हातपाटीनं, बादलीनं वाळू काढणारा माणूस जेवढी वाळू दिवसभरात काढी तेवढी सक्शन पंप काही मिनिटांत काढतो, तेही रात्री. खाडीतून वाळू उपसण्याचा परवाना एक कार्यालय देतं, किनाऱ्यावरचा बंधारा दुसरं बांधतं, मासेमारीचं खातं तिसरं, पर्यटनाचं चौथं. एकाच पुळणीचा हिशेब चार वह्यांत, आणि त्या वह्या एकत्र उघडल्या जात नाहीत. कर्लीच्या मुखाशी देवबागच्या टोकाला वाळूचं बेट उगवलं, पर्यटक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. हजारो लोक तिथे होडीनं जाऊन फोटो काढतात. त्याच गावाच्या दुसऱ्या बाजूला वाळू नाही म्हणून दगड. वाळू फिरते आहे. ती कुठून निघते, कोणत्या महिन्यात कुठे मुक्काम करते, हे ठरवल्याशिवाय ना बंधारा योग्य जागी बसेल, ना रीफ.

मिऱ्याबद्दलही लिहायला हवं. आशियाई विकास बँकेनं २०१० मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणासाठी २५ कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, त्यात कर्नाटकातलं उल्लाळ आणि रत्नागिरीचं मिऱ्या पहिल्या टप्प्यात होतं. पाण्याखालचा रीफ आणि किनाऱ्यावर वाळूची भर, ही भाषा महाराष्ट्राच्या सरकारी कागदावर तेव्हापासून आहे. त्याच मिऱ्याच्या किनाऱ्यावर पुढे टेट्रापॉडच्या बंधाऱ्याचं काम आलं. माझी पहिली विनंती म्हणून हीच आहे: मिऱ्याचा सगळा वृत्तांत मराठीत, साध्या भाषेत, आकड्यांसह एका पुस्तिकेत छापा. काय योजलं, काय उभं राहिलं, किती खर्च झाला, पावसाळ्यानंतर वाळू किती होती. रत्नागिरीच्या मच्छीमार सोसायट्यांमध्ये, ग्रामपंचायतींत आणि शाळांत ती ठेवा. पुढच्या गावाला निर्णय घ्यायचा आहे, त्याच्या हाती मागच्या गावाचा अनुभव हवा.

सर्फिंगबद्दल काही वाचकांना वाटेल की हे श्रीमंतांचं खूळ इथे कशाला. मला तसं वाटत नाही. कोवळमच्या लाटांवर वाढलेल्या रमेश बुदिहाळनं २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणलं. कर्नाटकात मुल्कीला वीस वर्षांपासून मुलं शिकताहेत. तारकर्ली-देवबागची पोरं पाण्यात वाढलेली आहेत, स्कूबाच्या होड्या तीच चालवतात, आणि लाट वाचायला त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. एखाद्या रीफनं त्यांना लाट दिली तर मला मनापासून आनंद होईल. फक्त ती लाट प्रकल्प विकण्यासाठी वापरू नका. आमचा समुद्र दिवाळी ते होळी शांत, आणि पावसाळ्यात असा की अनुभवी माणूसही आत जायला बिचकतो. मधल्या थोड्या दिवसांसाठी लाट घडवायची तर बोस्कम्बच्या पैशांचं काय झालं ते आधी आठवावं. किनारा राखण्यासाठी रीफ योग्य ठरला, तर त्याची एक बाजू लाटेला सोयीची करता येईल का, हा प्रश्न त्या क्रमानं विचारावा.

दुसरी विनंती मोजण्याची. कोणताही रीफ मांडण्याआधी त्या किनाऱ्याची निदान तीन वर्षं, दर महिन्याला मोजणी व्हावी. श्रावणातली पुळण आणि माघातली पुळण एक नसते; पावसाळ्यात वाळू बाहेर जाऊन बसते, दर्या निवळला की परत येते. जून ते ऑगस्टच्या फोटोंवरून किनारा गेला असं म्हणणारे आणि फेब्रुवारीत पाहणी करून सगळं ठीक आहे असं लिहिणारे, दोघेही अर्धंच पाहतात. या मोजणीला रापणकारांना पगारी माणसं म्हणून घ्या. पाण्याखाली कुठे उथळ आहे हे जाळं अडकलेल्या माणसाला कळतं. रीफ कुठे बसणार हे ठरवतानाही त्यांना विचारा, कारण बुडत्या पिशव्यांवर नांगर आणि जाळी अडकणार ती त्यांचीच, आणि मग पिशव्या फाटल्याचा दोषही त्यांच्याच माथी येणार. कासवांचंही लक्षात ठेवा. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे मादी रात्री वर येते ती मऊ, उतरत्या वाळूसाठी. दगडाला आपटून ती परत जाते.

आणि जो रीफ बांधाल तो काढता येईल असा बांधा, काढण्याचा खर्चही पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरा. माउंट माउंगानुईच्या लोकांना ते काम नंतर, वेगळ्या पैशांतून करावं लागलं.

आपण एकदा देवबागला यावं, अशी विनंती करते. दोनदा यावं लागेल: एकदा नारळी पौर्णिमेच्या उधाणाला, एकदा माघी पौर्णिमेला. त्याच जागी उभं राहून पाहा. मामा आता पंच्याहत्तरीचे आहेत, पण दगडांवरून उतरतात. घरापासून पाणी पूर्वी किती पावलांवर होतं, हे ते चालून दाखवतील. त्यांनी पावलं मोजायची आणि आपल्या माणसानं फीत धरायची. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहू या. राहायची सोय आमच्या घरी होईल. पावसाळ्यात येणार असाल तर भरतीची वेळ आधी कळवते, कारण तेव्हा रस्त्यावर पाणी असतं.

आपली नम्र,
देवबागच्या एका रापणकाराची भाची